होटगी तलावावरचे बत्तीस रोहित

माझ्या वडिलांना अख्खं सोलापूर सर म्हणतं. घरात मीही सरच म्हणते. लहानपणी बाबा म्हणून बघितलं होतं, पण ते असे बघायचे की जणू मी भर वर्गात शिट्टी वाजवलीय. वेणीमाधव सरांनी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि मुलांना बडवलं, आणि तेवढीच वर्षं दर रविवारी पहाटे होटगीच्या तलावावर जाऊन पक्षी बघितले. पक्ष्यांवर त्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही. माझ्या आईला याचं फार नवल वाटायचं. ती गेली तेव्हा तलावावर तलवार बदकं उतरली होती. सर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती मोजायला गेले. इतके दिवस कळ काढली हेच पुष्कळ.

त्यांच्याभोवती दहाबारा जणांचं एक मंडळ जमलेलं होतं. एक डॉक्टर, त्यांची बायको, कॉलेजातले दोन प्राध्यापक, विम्याच्या कचेरीतले दोघं-तिघं, आणि टॉवेलचा कारखाना असलेला सोमेश. ही सगळी मोठी माणसं रविवारी सकाळी सरांसमोर सातवी ब च्या पोरांसारखी उभी राहायची. सरांचा एक नियम होता. पक्षी चुकीचा सांगितला तर तलावाकडे तोंड करायचं, कान धरायचे, वाकायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, 'चुकलो.' सर म्हणायचे, पक्ष्याला भलतं नाव देणं म्हणजे त्याला शिवी देणं आहे, मग माफी नको मागायला? पन्नाशीच्या सोमेशच्या हाताखाली साठ माणसं काम करतात, आणि त्याने अकरा वेळा कान धरलेत. अकराचा आकडा सरांना पाठ होता. नवं माणूस आलं की सोमेशची ओळख ते त्या आकड्यासकट करून द्यायचे.

मी मात्र एकदाही कान धरले नाहीत, कारण मला तोंड उघडायची परवानगीच नव्हती. माझं काम वही लिहिण्याचं. सर पक्षी सांगणार, आकडा सांगणार, मी लिहून घेणार. पक्षी मला येत नव्हते असं नाही. आठव्या वर्षापासून मी त्या बांधावर उभी आहे. चिखलात पळणारा पक्षी नुसत्या चालीवरून मला ओळखता येतो. पण हे कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते सांगणारे नव्हते.

दीड वर्षापूर्वी सरांना काचबिंदूने गाठलं. खरं तर त्याने बरंच आधी गाठलं होतं, पण सर डॉक्टरकडे जायचं सोडून चष्मेवाल्याला शिव्या देत बसले. गेलेली नजर परत येत नाही, असं डोळ्यांच्या दवाखान्यात सांगितलं. उरलं होतं ते इतकंच, की उजेड कुठे आहे आणि सावली कुठे आहे. येताना रिक्षात सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं आता रडतील. ते म्हणाले, "मंडळात कुणाला कळलं तर याद राख."

मग त्यांनीच युक्ती काढली. मी त्यांच्या पाठीशी चिकटून उभी राहायची. एका हातात वही, दुसऱ्या हाताचं बोट त्यांच्या पाठीवर. डावीकडचा पक्षी असेल तर आधी डाव्या खांद्याला स्पर्श, उजवीकडचा असेल तर उजव्या, समोरचा असेल तर कुठेच नाही. मग पाठीवर बोटाने पक्ष्याचं पहिलं अक्षर, त्याखाली आकडा. च म्हणजे चक्रवाक, थ म्हणजे थापट्या बदक, क म्हणजे कुरव. सर दुर्बीण डोळ्यांना लावून उभे राहायचे आणि माझं बोट उचललं की खणखणीत आवाजात सांगायचे, "चक्रवाक. डावीकडे. चौदा." तीस वर्षं तो बांध पायाखालचा, त्यामुळे ठेचही लागायची नाही. डॉक्टरांची बायको म्हणायची, "किती जपते हो देवयानी सरांना, पाठीवरचा हात काढत नाही." सोमेश एकदा म्हणाला, "सर, या वयात काय नजर आहे ओ तुमची!" सर म्हणाले, "नजर नव्हे सोमेश, साधना." माझं बोट तेव्हा त्यांच्या पाठीवरच होतं.

त्यांचे डोळे व्हायला माझी ना नव्हती. पण कुणाला संशय येऊ नये म्हणून असेल, सर चारचौघांत मला पूर्वीपेक्षा जास्त टाकून बोलायला लागले. "हिला काय कळतंय, ही नुसती बोरूबहाद्दर," असं ते माझ्याकडून अक्षर घेता घेता म्हणायचे. लोक हसायचे. मीही थोडं हसायची, आणि घरी आल्यावर भांडी जरा जोरात आपटायची.

गेल्या जानेवारीत मी उचाट बघितला. शेकाट्यांसारखाच लांब पायांचा काळापांढरा पक्षी, फक्त चोच टोकाला वर वळलेली. आमच्या तलावावर तो कधी कुणी बघितला नव्हता. शेकाट्यांच्या घोळक्यात तो एकटा चरत होता आणि त्याची ती उलटी चोच पाण्यात या बाजूने त्या बाजूला फिरत होती. माझ्या अंगावर काटा आला. मी सरांच्या पाठीवर उ काढला. त्यांना खरं वाटेना. मी तीनदा काढला. मग त्यांनी हात वर केला आणि नाटकातल्या राजासारखं जाहीर केलं, "उचाट!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात पेपरात सरांचा फोटो आला. फोटोत मीही आहे, म्हणजे माझं कोपर आहे. ती बातमी मला सरांना दोनदा वाचून दाखवावी लागली.

याच पावसाळ्यात मला कळलं की पुण्याच्या एका संस्थेला उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्ष्यांची पाहणी करायला माणूस हवाय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गावात राहायला एक खोली, आणि पाण्यावर न्यायला एक होडीवाला. मी छत्तीस वर्षांची आहे. जुळे सोलापुरात एका क्लासच्या ऑफिसात हजेरीपट भरते. आमच्या फ्लॅटमधल्या माझ्या खोलीला आतून कडी नाही, सरांनी काढून टाकलीय, रात्री हाक मारली तर उघडायला वेळ जातो म्हणून. ती नोकरी मला हवी होती. चार महिने स्वतःच्या दाराला कडी लावून झोपावं, सकाळी उठून पक्षी बघावेत आणि ते आपल्या नावाने लिहावेत, एवढंच माझ्या मनात होतं, आणि ते इतकं होतं की मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अर्जात 'स्थानिक जाणकाराचं नाव' असा रकाना होता. मी सरांचं लिहिलं. दुसरं कुणाचं लिहिणार? सरांना सांगितलं तेव्हा ते ताटात भाकरी चाचपत होते. "बघू," म्हणाले. सरांच्या तोंडचं बघू म्हणजे नाही, एवढं मला छत्तीस वर्षांत समजलेलं आहे.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मंडळाची वर्षाची मोठी गणना असते. संस्थेची चेतना नावाची मुलगी त्या गणनेला येऊन मला बघणार होती. मुलगी म्हणजे तिशीची, कापलेले केस, उन्हाने रापलेला चेहरा. ती जीपमधून उतरली, तीन पायांच्या घोडीवर मोठी दुर्बीण लावली, सरांना वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून हसली. मला ती आवडली. तिच्यासारखं व्हावं असं वाटलं, आणि मग आपलं वय आठवलं.

सकाळ सुंदर होती, हे मी मान्य करते. थंडी नुकती पडायला लागलेली, पाणी सपाट, आणि पाण्यावर नुसती गर्दी. चक्रवाक भगव्या उपरण्यांसारखे काठाला बसलेले. मध्यभागी थापट्या बदकं एकमेकांमागे गोल गोल फिरत चोचीने पाणी गाळत होती. वर चार कुरव, समुद्र सोडून इकडे हिवाळा काढायला आलेले पांढरे पक्षी, घिरट्या घालत होते. चिखलाच्या कडेला तुतवार शेपटी हलवत पळत होते. बांधाखाली धोंडीराम जाळी सोडवत बसला होता. तो टायरच्या ट्यूबवर बसून मासे धरतो आणि त्याची म्हैस उजवीकडच्या उथळ पाण्यात डुंबत असते.

सरांनी सुरुवात केली. मी बोट लावलं. "चक्रवाक. डावीकडे. एकवीस." चेतनाने तिच्या दुर्बिणीतून मोजलं आणि म्हणाली, "बरोबर." "थापट्या. समोर. एकशे बारा." तिला मोजायला चार मिनिटं लागली. "मला एकशे दहा मिळाले," ती म्हणाली. सर म्हणाले, "दोन शेपटीमागे आहेत, परत मोजा." तिने परत मोजले. एकशे बारा भरले. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. माझी छाती फुगली. मला वाटलं, हे सगळं माझं आहे, आणि आज ही मुलगी काहीतरी विचारेल आणि मी बोलेन.

तिने विचारलंच. पलीकडच्या काठाला दहाबारा ठिपके होते. ती वळून म्हणाली, "देवयानीताई, ते तुम्हाला काय वाटतात?"

ते वारकरी होते. पांढऱ्या कपाळाचे काळे पक्षी, ते लहान पोरालाही ओळखू येतात. मी तोंड उघडलं.

"तिला काय विचारता?" सर म्हणाले. "तिला बदक आणि वारकरी यातला फरक कळत नाही. अठ्ठावीस वर्षं आणतोय हिला. दगड आणला असता तर त्याला तरी कळलं असतं. ती वही सांभाळते. मलाही सांभाळते अशी तिची समजूत आहे."

सगळे हसले. सोमेश तर पोट धरून हसला. आज आपला नंबर नाही, याचाच त्याला जास्त आनंद. आणि चेतनाही हसली. थोडंसंच, पण हसली. मला बाकी कुणाच्या हसण्याचं काही वाटलं नाही. तिच्या हसण्याने माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. संपलं, असं मला वाटलं. जाणकाराने सांगितलं की दगड बरा, आणि ते तिला पटलं. उजनी गेलं, खोली गेली, आता मरेपर्यंत ही पाठ आणि हे बोट.

मला राग आला. असा राग मला त्याआधी आला नव्हता. डोकं अगदी थंड होतं. मी विचार केला, हेही सांगते. बदकाच्या जातीत गोंधळ घातला असता तर सरांनी वाद घालून निभावून नेलं असतं. उन्हाचा दोष, अंतराचा दोष, तुमच्या दुर्बिणीचा दोष. मला वादाला जागा ठेवायची नव्हती. असा पक्षी हवा होता जो असला तर आंधळ्यालाही दिसेल आणि नसला तर कुणालाच दिसणार नाही. मी सरांच्या उजव्या खांद्याला हात लावला आणि पाठीवर र काढला. र म्हणजे रोहित. माणसाच्या छातीपर्यंत उंच, पांढरेगुलाबी, थव्याने येणारे. होटगीवर दिवाळीच्या सुमाराला रोहित उतरावेत म्हणून सर कितीतरी वर्षं वाट बघत होते. र खाली मी आकडा काढला, बत्तीस.

सरांची पाठ ताठ झाली. मग त्यांनी हळूच मान मागे केली आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "रोहित?" मी पुन्हा र काढला. त्यांनी दुर्बीण खाली घेतली. टोपी काढली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आईच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितलेलं नाही. तेव्हाही मला थांबता आलं असतं. बोटाने पाठीवर एक फुली मारली की झालं असतं. मी वही छातीशी धरून उभी राहिले.

"मंडळी," सर म्हणाले. आवाज फाटला, म्हणून त्यांनी परत म्हटलं, "मंडळी, उजवीकडे बघा. उथळात. रोहित आलेत. बत्तीस आहेत."

बारा दुर्बिणी उजवीकडे वळल्या. सोमेशने आधी दुर्बिणीतून बघितलं, मग नुसत्या डोळ्यांनी, मग परत दुर्बिणीतून. शेवटी खालून धोंडीराम उठला, कपाळावर हात धरून बघितलं आणि म्हणाला, "सर, तितं माजी म्हस हाय की."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बत्तीस न्हाईत," धोंडीराम म्हणाला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, तो आपला खरं तेच सांगत होता. "येकच हाय."

मग सगळा बांध हसला. तीस वर्षांचं हसू साठलेलं होतं, ते आवरेना. प्राध्यापकांपैकी एकजण खाली बसला. सर टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांचा डावा हात मागे गेला आणि हवेत मला शोधायला लागला. मी दोन पावलं मागे सरकले होते. ते वळले, "देवयानी?" म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. ते परत दुसरीकडे वळले, आणखी एकदा म्हणाले, "देवयानी?"

"सर," सोमेश पुढे येत म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "सर, कान. नियम म्हणजे नियम की."

मला वाटलं आता ते ओरडतील की मला दिसत नाही, हिने मला फसवलं. मी त्याची वाटच बघत होते. म्हणजे मग मी सगळ्यांसमोर सांगणार होते की दीड वर्ष कुणाचे डोळे होते. तेवढ्यासाठी तर मी हे केलं होतं.

"हो," सर म्हणाले. "नियम आहे."

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी कान धरले, कमरेत वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "चुकलो."

पण मला शोधताना ते गरगर फिरले होते. त्यांची पाठ तलावाकडे झाली होती. त्यांनी माफी मागितली ती रस्त्याकडे तोंड करून, उभ्या असलेल्या जीपची.

हसू एकदम थांबलं. डॉक्टर पुढे आले आणि त्यांनी सरांच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. सरांची पापणीही हलली नाही. "कधीपासून, सर?" डॉक्टरांनी विचारलं. सर वाकलेलेच होते. "दीड वर्ष," ते म्हणाले.

माणसं वाईट नसतात असं म्हणतात. मी त्या बांधावर उभी होते, मला विचारा. एकानेही सरांना हात दिला नाही. डॉक्टरांची बायको म्हणाली, "म्हणजे दीड वर्ष आम्हाला बनवत होता तुम्ही?" एक प्राध्यापक म्हणाला की त्या उचाटावर त्याने लेख लिहिलाय, आता त्याने तोंड कुठे दाखवायचं. आणि सोमेश, ज्याचा चेहरा लाल झाला होता, तो म्हणाला, "गेल्या वर्षी मला दोन वेळा कान धरायला लावले ओ सर. माझ्या पोरांसमोर. दिसत नव्हतं तरी लावले?" त्या दोन्ही वेळा त्याची चूक मीच सांगितली होती, बोटाने. पंधरा मिनिटांत गाड्या सुरू होऊन निघून गेल्या. नाश्त्याला आणलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या पिशव्याही जाताना ज्याच्या त्याने उचलल्या. धोंडीराम वर आला आणि त्याने सरांना धरून दगडावर बसवलं. "डोळं गेलं व्हय सर? सांगायचं न्हाय का," एवढंच तो म्हणाला.

चेतना जीपमध्ये दुर्बीण ठेवत होती. मी तिच्याकडे धावतच गेले. मी म्हणाले, "ते सगळे पक्षी मी बघत होते. चक्रवाक, एकशे बारा थापट्या, उचाट, सगळे. मी त्यांच्या पाठीवर लिहून सांगते. सगळं माझं आहे."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मला कळलं नाही. ती जीपला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"सरांचा गुरुवारी फोन आला होता. म्हणाले, मला दीड वर्षापासून काही दिसत नाही. वहीतला एक न एक पक्षी माझ्या मुलीने बघितलेला आहे. इतकी चांगली नजर मी तीस वर्षांत बघितली नाही, माझीसुद्धा नाही. तिला घ्या. फक्त रविवारपर्यंत तिला सांगू नका. ही गणना मला एकदा पुरी करू द्या, मग मी पुण्याला मुलाकडे जाऊन राहतो. तसं त्यांनी तुमच्या भावाशी बोलूनही ठेवलं होतं."

भावाच्या, अद्वैतच्या, घरी सर दोन दिवसांवर कधी राहिलेले नाहीत. त्यांचं आणि वहिनीचं एक मिनिट पटत नाही.

"पण आत्ता ते म्हणाले, दगड..."

"तेही सांगितलं होतं त्यांनी. चारचौघांत मी तिला टाकून बोलेन, तुम्ही मनावर घेऊ नका, मला दुसरं येत नाही. म्हणून तर मला हसू आलं." तिने जीपचं दार उघडलं. सीटवर एक पाकीट होतं, त्यावर माझं नाव होतं. ते तिने उचलून आपल्या पिशवीत घातलं. "मी पत्र घेऊनच आले होते. थापट्या मोजून झाले तेव्हाच मी मनात नक्की केलं होतं."

मी तिचा हात धरला. मला लाज वाटली नाही, मी तिच्यापुढे रडले. "एकदाच केलं मी," मी म्हणाले. "जन्मात एकदाच. रागाने केलं."

"असेल," ती म्हणाली. तिचे डोळेही भरले होते, पण तिने हात सोडवून घेतला. "पण उजनीवर तुम्ही एकट्या असणार. तुम्ही सांगाल तेच आम्ही लिहिणार. एकदाच केलं, हे मला कसं कळणार, ताई? आणि पुढे कधी कुणाचा राग आला नाही, हे?" पिशवी खांद्याला अडकवत ती म्हणाली, "या दीड वर्षाच्या वह्या आता आम्हाला वापरता येणार नाहीत. उचाटही काढावा लागेल."

जीप गेली. सर दगडावर बसून होते. मी गाडी काढली आणि त्यांना मागे बसवलं. रस्ताभर ते काही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. विमानतळाची भिंत संपल्यावर त्यांनी विचारलं, "चक्रवाक किती होते?"

"एकवीस," मी म्हणाले.

"खरंच?" त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. तीच गोष्ट मला सहन होत नाही. त्यांना खरोखरच माहिती हवी होती.

सर पुण्याला गेले नाहीत. मी घरात आहे म्हटल्यावर जायचं कारण उरलं नाही. मंडळाचा फोन येत नाही. माझ्यावर ते आता ओरडत नाहीत आणि मला टाकूनही बोलत नाहीत. मी भात वाढलाय म्हणाले की ते बोट घालून बघतात. आज सोमवार आहे असं मी म्हणाले की ते रेडिओ लावून बघतात. डोळ्यांत थेंब घालायला मी बाटली घेऊन गेले की ते हात पुढे करून ती घेतात आणि शेजारच्या निंगव्वा मावशींना हाक मारतात. मावशी येतात, बाटली बघतात, माझ्याकडे बघायचं टाळतात आणि म्हणतात, "व्हय सर, तीच हाय." मग सर मान मागे टाकून डोळे उघडतात, आणि मी थेंब घालते.